मनिऑर्डरची पोच

मालवण, आचरा, मसुरे, देवगड या पट्ट्यातल्या घरांत शतकभर पैसा टपालाने आला. १८८० साली टपालखात्याने मनिऑर्डर सुरू केली तेव्हा हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता; सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१मध्ये. भात आणि मासळीवर भागेना म्हणून पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले आणि मागे राहिलेली घरे चाकरमान्यांच्या कमाईवर चालली. ‘मनिऑर्डरवर जगणारे कोकण’ असे हिणवून म्हटले गेले. मला मात्र या व्यवस्थेचे महत्त्व फार वाटते, कारण अक्षरओळख नसलेल्या बाईच्या हातात तिने दूरच्या शहरातला पैसा पोहोचवला. पोस्टमन दारात येई आणि घेणारीला तोंडाने ओळखत असे. सही येत नसेल तर अंगठा, अंगठ्याला साक्षीदार. मग ती पोच मुंबईला परत जाई. अफरातफर तेव्हाही होत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण लबाडी करणाऱ्याचा हात त्याच्या टपालाच्या हद्दीपुरताच पोहोचे, आणि पोच आली नाही की पाठवणारा चौकशी करी.

जुनी मनिऑर्डर २०१५मध्ये बंद झाली आणि २०१६मध्ये यूपीआय आले. ओरोसच्या रुग्णालयात दाखल असलेल्या बापासाठी मुलगा आज मुंबईहून क्षणात पैसे पाठवतो. जुन्या दिवसांकडे परत जावे असे कोणी म्हणू नये. मात्र वेग आला तेव्हा ओळखीचा माणूस आणि साक्षीदार मधून गेले, आणि आजचा भामटा नेमका तिथूनच शिरतो. पोलीस किंवा सीबीआयचा अधिकारी बनून ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देणारा आधी बजावतो, घरात कोणाला सांगू नका. म्हणजे तो साक्षीदारच हटवतो. भारतीय कायद्यात अशी अटक नाही. लष्करी जवान म्हणून खोली मागणारा भामटा तारकर्लीच्या घरगुती निवासवाल्याला आगाऊ रकमेसाठी क्यूआर कोड पाठवतो आणि पिन टाकायला सांगतो. पण पिन लागतो तो पैसे देताना, घेताना कधीच नाही. काजू-आंब्याच्या व्यापाऱ्याला ‘आमचे बँक खाते बदलले’ असा ईमेल येतो, तेव्हा जुन्याच नंबरवर फोन करून खात्री करणे हीच त्याची साक्ष. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट ही पोच नव्हे. पोच आपल्या खात्यात दिसते.

सारा भार सामान्य माणसावरच का, हा आक्षेप रास्त आहे. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यात एकाही ग्राहकाची चूक नव्हती. बँकेच्या यंत्रणेला बगल देणारी बनावट यंत्रणा मध्ये बसवून चोरट्यांनी व्यवहार मंजूर करवून घेतले. तिथेही ओळख पटवणाऱ्याचीच जागा चोराने घेतली होती. म्हणून बँकांनी आपली यंत्रणा सतत तपासलीच पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या नियमांनी काही जबाबदारी त्यांच्यावर टाकली: चूक ग्राहकाची वा बँकेची नसून त्रयस्थाकडून फसवणूक झाली आणि ग्राहकाने बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान त्याच्यावर पडत नाही. पण स्वतःहून ओटीपी किंवा पिन दिला, तर कळवेपर्यंतचा तोटा त्याचाच. तेव्हा अनोळखी फोनवर पैशाची गोष्ट निघाली की फोन ठेवा, घरातल्या एकाला सांगा. आणि पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा.