वाट्याचे पाणी

जमिनीची खातेफोड होते, घराची वाटणी होते, बैलजोडीसुद्धा भावाभावांत वाटली जाते. पण डोंगरावर पडणारा पाऊस, ओढ्याचे पाणी, गायरानातले गवत आणि मातीतली ओल यांची खातेफोड कोणत्या तलाठ्याने केली आहे? या वस्तू सर्वांच्या. शेतकऱ्याचे शेत एकट्याचे असले, तरी ते पिकते या सर्वांच्या वस्तूंच्या बळावर. हल्ली विद्वान मंडळी हिला सार्वजनिक पर्यावरणीय संपदा म्हणतात आणि तिचा शेतीशी संबंध अभ्यासतात. नाव नवे आहे, प्रश्न जुना आहे. आपल्या मुलखात तो कसा ओळखला गेला आणि कसा सोडवला गेला, याचे तीन दृष्टांत घेऊन थोडे चिंतन करू.

पहिला दृष्टांत खानदेश-बागलाणातला. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकांपूर्वी लोकांनी दगडी बंधारे घातले. बंधाऱ्यातून पाट काढले आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडले. त्या भागाला म्हणायचे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक, आणि पुढच्या वर्षी फेरपालट. शेतकऱ्याचा तुकडा बहुधा प्रत्येक फडात असे. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्यांचा मेहनताना गावच देई. पाटातला गाळ काढायला सर्वांनी मिळून जायचे.

यातली खरी गोम अवर्षणाच्या वर्षी कळते. नदीला पाणी कमी असले, की एखादा फड कोरडा ठेवत. प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे तूटही सर्वांच्या वाट्याला येई. सुकाळाची वाटणी कोणीही करील. टंचाईची वाटणी करायला शहाणपण लागते. सप्ताहाच्या पंगतीत अन्न थोडे उरले, तर वाढपी हात आखडता घेतो, पण शेवटच्या पानापर्यंत जातो. फड म्हणजे पाण्याची पंगतच होती.

दुसरा दृष्टांत ग्रंथातला. इंग्रज सरकारने १८७८ साली जंगलाचा कायदा केला आणि डोंगर, राने सरकारी होऊ लागली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात या घावाचे वर्म सांगितले आहे. डोंगरावरचा पालापाचोळा, जनावरांचे मलमूत्र पावसाबरोबर वाहून शेतात येई आणि फुकटचे खत मिळे. गायराने गेली, तशी जनावरे गेली. जनावरे गेली, तसे शेणखत गेले. जोतीरावांनी उपायही सांगितला. पलटणीतले आणि पोलिसांतले रिकामे हात लावून ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पाणी जमिनीत मुरेल. तळ्यांतला गाळ शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा. गायराने गावांना परत द्यावीत. डोंगर आणि शेत ही दोन खाती नव्हेत, हे त्यांनी असे उघड करून दाखवले.

तिसरा दृष्टांत पालखीच्या वाटेवरच्या पुरंदर तालुक्यातला. १९७२ चा दुष्काळ माझ्या पिढीने अंगावर काढला आहे. खडी फोडणारे हात आणि मिलोची तांबडी भाकरी आम्ही विसरलेलो नाही. त्या दुष्काळाने हलून पुण्याचे एक अभियंते आणि उद्योजक, विलासराव साळुंखे, नायगावला गेले. तिथल्या देवस्थानाची सुमारे चाळीस एकर माळजमीन १९७४ साली कराराने घेऊन त्यांनी बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव बांधला, विहीर खणली. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम ऐकण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या मापाने नाही, खाणाऱ्या तोंडांच्या मापाने: माणशी अर्ध्या एकराचे, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकराचे. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येत नाही. ऊस लावायचा नाही. आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा आहे.

हा शेवटचा नियम फार मोलाचा. फडाचे गुण गाताना हेही बोलले पाहिजे, की फडातले पाणी पाटाखाली जमीन असलेल्यालाच मिळे. ज्याला जमीन नाही, तो पंगतीबाहेरच राहिला. नायगावने त्यालाही पान मांडले.

आता पूर्वपक्ष ऐकू. कोणी म्हणेल, ‘महाराज, जमीन माझी, पैसा माझा, मोटार माझी; मी बोअर किती खोल घ्यावी हे मला कोणी सांगावे?’ या म्हणण्याला जुन्या कायद्याचा आधारही आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालचे पाणी जमीनमालकाच्या पदरात टाकले. पण बांध असतो जमिनीवर. जमिनीच्या पोटात बांध नाही. माझी बोअर दोनशे फुटांनी खाली गेली, की शेजारच्या विधवेची विहीर आटते. तिने दावा कोणावर लावावा? फडपद्धत मागे पडली त्याच्या कारणांत वर झालेली धरणे आहेत, बारमाही नगदी पिके आहेत, आणि ज्याची त्याची विहीरही आहे. स्वतःची विहीर झाली, की सामाईक पाटाचा गाळ काढायला कोण येतो?

वारकऱ्याने या गोष्टीकडे परका विषय म्हणून पाहू नये. इंद्रायणी देहू-आळंदीहून निघून तुळापुराला भीमेला मिळते. नीरा नृसिंहपुराला मिळते. आणि तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. आपण चालायला लागण्याआधीपासून हे पाणी वारी करते आहे. वरच्या गावाने ओढ्यात काय सोडले, शेतात किती विष फवारले, डोंगर उघडा केला की झाकला, ते सगळे वाळवंटापर्यंत पोहोचते. स्नान करताना आपण वरच्या प्रत्येक गावाची करणी ओंजळीत घेत असतो.

म्हणून सप्ताहाच्या बैठकीत वर्गणीचा हिशेब झाला, की आणखी एक विषय घ्यावा. गावच्या ओढ्याचा गाळ यंदा कोण काढणार, गायरान किती शिल्लक आहे, आणि ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला पाणी कुठून मिळते? पंगतीत शेवटच्या पानाची चौकशी केल्याशिवाय आपण हात धूत नाही. पाण्याच्या पंगतीतही तोच नेम असावा.

रामकृष्णहरी.