रिकाम्या खिशाची पारख

१३ नोव्हेंबर २०१६. ब्राझीलमधल्या इंटरलागोसवर पाऊस असा कोसळत होता की फॉर्म्युला वनची शर्यत दोनदा थांबवावी लागली. त्या दिवसाची आठवण निघाली की लोक मॅक्स वर्स्टापेनबद्दल बोलतात. ओल्या रस्त्यावर तो एकामागून एक गाडी मागे टाकत होता. मागे, कॅमेऱ्याचे फारसे लक्ष नसताना, सॉबर या स्विस संघाचा फेलिपे नासर आपल्याच देशातल्या प्रेक्षकांसमोर नववा आला. दोन गुण. संघाचे त्या अख्ख्या मोसमातले तेवढेच. त्या दोन गुणांवर सॉबर दहाव्या क्रमांकावर चढला आणि एका गुणावर तग धरून बसलेला मेनॉर संघ अकराव्यावर ढकलला गेला. बक्षिसाच्या पैशात पहिल्या दहांत असणे आणि नसणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. जानेवारीत मेनॉर प्रशासकाच्या हाती गेला आणि नवा मोसम उजाडण्याआधी बंद पडला. मेनॉरचा तो एकुलता एक गुण ऑस्ट्रियात पास्कल वेर्लाइनने मिळवला होता. २०१७साठी सॉबरने त्याच वेर्लाइनला घेतले. जागा गेली ती नासरची.

दुबळे संघ ड्रायव्हर कसे निवडतात या विषयाकडे वळणाऱ्या नव्या वाचकाला मी हीच गोष्ट आधी सांगतो, कारण ती ऐकली की एक सोपा समज ढासळतो. समज असा : दुबळ्या फॉर्म्युला वन संघापुढे दोन प्रकारचे ड्रायव्हर असतात, एक वेगवान आणि एक पैसेवाला, आणि संघ नाइलाजाने दुसरा घेतो. नासर सॉबरमध्ये आला तेव्हा त्याच्यामागे ब्राझीलच्या एका बँकेचे प्रायोजकत्व होते. म्हणजे तो ‘पे ड्रायव्हर’. मग सॉबरला तारणारे दोन गुण कोणी आणले?

(‘ड्रायव्हर’ या शब्दाबद्दल एक खुलासा. मराठीत तो उच्चारला की डोळ्यांसमोर एसटीची खाकी येते, म्हणून या पुस्तकाच्या काही लेखकांनी ‘शर्यतपटू’ सुचवला होता. मी तो गाळला. इथेही हा माणूस दुसऱ्याची गाडी चालवतो आणि ती कधी काढून घेतली जाईल हे त्याच्या हातात नसते. जुनाच शब्द नेमका आहे.)

पैशाबद्दल नाक मुरडण्याआधी २०१४चा सॉबर पाहावा. त्या वर्षी संघाला एकही गुण मिळाला नाही. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. पुढच्या वर्षीच्या दोन जागांसाठी संघाने मार्कस एरिक्सन आणि नासर यांची नावे जाहीर केली, पण करार खिशात असलेला गीडो व्हान डर गार्ड हा तिसरा दावेदार मेलबर्नच्या न्यायालयात उभा राहिला आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. मोसमाच्या पहिल्याच शुक्रवारी, पहिल्या सरावात, सॉबरच्या गाड्या गॅरेजबाहेर आल्या नाहीत. शेवटी व्हान डर गार्ड मागे हटला आणि प्रकरण तडजोडीने मिटले. रविवारी नासर पाचवा आला, एरिक्सन आठवा. त्या आठवड्यातला नैतिक हिशेब कसा मांडायचा हे मला अजून नीट जमलेले नाही, आणि वाचकालाही ते लगेच जमावे अशी अपेक्षा नाही.

या क्षेत्राची खरी अडचण मोजमापाची आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गाडी संथ असेल तर उत्तम ड्रायव्हरही अठरावा दिसतो. गाडीचा वेग वजा करून माणसाचा उरवायचा कसा? एकच पट्टी हाताशी असते : तीच गाडी चालवणारा जोडीदार. तीही फसवते. २०१९मध्ये विल्यम्सकडे जॉर्ज रसेल आणि रॉबर्ट कुबित्सा होते. एकवीस शर्यतींच्या पात्रता फेऱ्यांत रसेल एकवीसही वेळा पुढे राहिला. पण वर्षअखेरच्या तक्त्यात कुबित्साच्या नावापुढे एक गुण आहे आणि रसेलच्या नावापुढे शून्य, कारण जर्मनीतल्या पावसात पुढच्या दोन गाड्यांना शिक्षा झाली आणि दहावी जागा कुबित्साकडे सरकली. तक्ता खोटे बोलत नाही, पण तक्त्यावरून माणूस निवडणाऱ्याने त्या वर्षी रसेलला घरी पाठवले असते. पट्टीबद्दलही शंका घ्यावी लागते. कुबित्सा २०११च्या रॅलीतल्या भीषण अपघातानंतर, हाताला कायमची इजा घेऊन परतला होता. अशा माणसावर एकवीस-शून्यने मात केली म्हणजे नेमके काय सिद्ध झाले? अशा प्रश्नांवर या पुस्तकातली बरीच पाने खर्च झाली आहेत, आणि ती वाया गेलेली नाहीत.

गरीब संघाला विकण्याजोगी आणखी एक गोष्ट असते : उद्याची आशा. इटलीतल्या फाएन्झा गावचा मिनार्डी १९८५ ते २००५ या काळात ३४० शर्यतींत उतरला, पहिल्या तिघांत एकदाही आला नाही, सगळे मिळून ३८ गुण. पण फिसिकेला, ट्रुली, अलोन्सो, वेबर हे चौघेही पहिली शर्यत त्याच गाडीतून धावले. २००१चे अख्खे वर्ष अलोन्सोला गुण नाही. चार वर्षांनी तो जगज्जेता. त्याच मिनार्डीने १९९६मध्ये पैशाच्या गरजेपोटी मोसमाच्या मध्यात फिसिकेलाला उतरवून पैसे आणणाऱ्याला बसवले होते, हेही लक्षात ठेवावे. पारख असणे आणि ती परवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडचा वाचक विचारणार, मग आपले कोण? नारायण कार्तिकेयन २००५मध्ये जॉर्डन संघातून आला, टाटांचे पाठबळ घेऊन. अमेरिकेत सहाच गाड्या धावल्या त्या विचित्र शर्यतीत तो चौथा आला. २०११मध्ये एचआरटी संघाने त्याला अर्ध्या मोसमात बाजूला केले आणि रेड बुलने पाठवलेल्या डॅनियल रिकार्डोला बसवले. ग्रेटर नोएडाच्या शर्यतीला मात्र कार्तिकेयन पुन्हा गाडीत होता. घरच्या प्रेक्षकांसमोर घरचा माणूस, हा हिशेब समजायला अर्थशास्त्र लागत नाही. उलट ज्या संघाच्या नावातच इंडिया होते त्या फोर्स इंडियाने शेवटपर्यंत एकाही शर्यतीत भारतीय ड्रायव्हर उतरवला नाही. त्या संघाच्या २०११च्या शोधमोहिमेतून पुढे आलेला मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टू या खालच्या पायरीपर्यंत पोचला, त्यापुढचे दार उघडले नाही. अनेकांना यात अन्याय दिसतो. मला त्या संघाचा थंड प्रामाणिकपणा दिसतो : २००९मध्ये बेल्जियममधल्या स्पाला फिसिकेलाने पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, घेतली, दुसरा आला आणि संघाला पहिले गुण मिळाले. भावनेपोटी ती जागा दुसऱ्याला दिली असती तर ते आठ गुण आले नसते.

शेवटी एक प्रसंग, ज्यावरून हे पुस्तक तयार होताना सर्वांत जास्त भांडणे झाली. २०२४, मेलबर्न. शुक्रवारी विल्यम्सच्या अ‍ॅलेक्स अल्बनने गाडी भिंतीवर घातली. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, कामातून गेली आणि संघाकडे जादा चासी नव्हती. संघप्रमुख जेम्स वोल्स यांनी दुसरी गाडी लोगन सार्जंटकडून काढून अल्बनला दिली. सार्जंटची त्या आठवड्यात काही चूक नव्हती. तो शर्यतीला बसून राहिला. कारण उघड होते : आदल्या वर्षीच्या संघाच्या २८ गुणांपैकी २७ अल्बनचे होते. अल्बन अकरावा आला. गुण दहाव्यापर्यंत मिळतात. तो दहावा आला असता तर निर्णय बरोबर ठरला असता का, यावर आमच्या दोन लेखकांचे पटले नाही. मी मध्ये पडलो नाही. दोघांचे लेख शेजारी शेजारी छापले आहेत.