वुडवर्डच्या अनामिक माता

मुलाचा बुद्ध्यंक जन्मतःच ठरतो आणि आयुष्यभर तसाच राहतो, असे १९३० च्या दशकातील अमेरिकेत बहुतेक मानसशास्त्रज्ञ मानत. ही समजूत पुस्तकांपुरती नव्हती. अनेक राज्यांत तिच्या आधारावर कायदे उभे होते आणि 'मंदबुद्धी' ठरवलेल्यांची सक्तीने नसबंदी केली जात होती. या धाग्यातील कथा त्याच काळातील आयोवा राज्याची आहे.

तेथील डेव्हनपोर्टचे अनाथालय मुळात यादवी युद्धातील सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठी सुरू झाले होते. महामंदीत ते खच्चून भरले. संसर्ग टळावा म्हणून तान्ह्या बाळांच्या खाटांच्या कडांना कापड लावलेले असे. त्यामुळे बाळाला आजूबाजूचे जवळजवळ काहीच दिसत नसे. दोन वर्षांनंतर मुले ३०-३५ जणांच्या गटात, एका मेट्रनच्या हाती जात. पोटाची सोय होती, बोलायला माणूस नव्हते.

१९३४ च्या सुमारास या संस्थेचे मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड स्कील्स यांनी १३ आणि १६ महिन्यांच्या दोन मुलींची तपासणी केली. बुद्ध्यंक ४६ आणि ३५. दोघींना दत्तक देणे अशक्य, असा निर्वाळा देऊन त्यांची रवानगी वुडवर्ड येथील मंदबुद्धींच्या संस्थेत झाली. तेथे त्यांना १८ ते ५० वर्षे वयाच्या स्त्रियांच्या वॉर्डात ठेवले गेले. या स्त्रियांचे 'मानसिक वय' ५ ते ९ वर्षे असल्याचे कागदोपत्री नोंदवलेले होते.

काही महिन्यांनी स्कील्स त्या वॉर्डात गेले, तेव्हा हसत, धावत फिरणाऱ्या या दोघी त्यांना ओळखूही येईनात. पुन्हा चाचणी घेतली, तर बुद्ध्यंक ७७ आणि ८७! उपचार कोणताच झाला नव्हता. वॉर्डातील स्त्रियांनी मुलींना कडेवर घेतले, त्यांच्याशी बोलल्या, खेळल्या. परिचारिका सुट्टीच्या दिवशी त्यांना बाहेर फिरायला नेत.

मग स्कील्स यांनी राज्याला एक विचित्र वाटणारी योजना मान्य करायला लावली. अनाथालयातील तीन वर्षांखालील मुले 'पाहुणी' म्हणून अशा संस्थांत ठेवायची. अशी एकूण १३ मुले झाली. त्यांचा सरासरी बुद्ध्यंक सुमारे ६४ वरून ९२ वर गेला. तुलनेसाठी घेतलेली १२ मुले अनाथालयातच राहिली होती. आरंभी ती अधिक हुशार होती, तरी त्यांची सरासरी ८७ वरून ६० वर घसरली. (ही १२ मुले मुद्दाम मागे ठेवलेली नव्हती; त्यांचा गट नंतर नोंदींवरून जुळवला गेला. तरीही हे आकडे वाचताना मन अस्वस्थ होते.)

लुईस टर्मन यांच्यासारख्या दिग्गजांनी या निष्कर्षांवर कठोर टीका केली. नमुना लहान, चाचण्या कच्च्या, हे आक्षेप अगदीच निराधार नव्हते. पण अनाथालयात राहिलेल्या मुलांची घसरण त्यांतून कशी उलगडणार? १९४२ मध्ये स्कील्स युद्धसेवेत गेले आणि विषय मागे पडला.

मेंदूचा पुरावा पुढे आला. १९६० च्या दशकात बर्कले येथे खेळणी आणि सोबती असलेल्या पिंजऱ्यांत वाढलेल्या उंदरांच्या मेंदूचे बाह्यक एकट्या उंदरांपेक्षा जड आढळले. २००० साली बुखारेस्टमध्ये, चाउशेस्कूच्या राजवटीचा वारसा असलेल्या बालगृहांतील १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. संस्थेतील मुलांच्या मेंदूतील विद्युत क्रिया क्षीण होती. दोन वर्षांच्या आत पालक-कुटुंबांत गेलेल्या मुलांची मात्र आठव्या वर्षापर्यंत बरीचशी सामान्य मुलांसारखी झाली.

दरम्यान स्कील्स यांनी ती २५ मुले पुन्हा शोधली आणि १९६६ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. १३ पैकी ११ मुले दत्तक गेली होती आणि सर्व तेराजण स्वावलंबी होते. त्यांचे शिक्षण मध्यमानाने बारावीपर्यंत झाले होते. दुसऱ्या गटाचे तिसरीच्याही आत. त्या गटातील एक मुलगा मात्र उत्तम स्थिरावला. त्याला बहिऱ्यांच्या निवासी शाळेत पाठवले गेले होते आणि तेथील मेट्रनने त्याला माया लावली होती.

आज या प्रयोगाचे श्रेय स्कील्स यांना दिले जाते, आणि ते रास्तच आहे. वुडवर्डच्या स्त्रियांना मात्र राज्याने संततीसाठी नालायक मानले होते. त्यांचे वय अहवालात आहे, मानसिक वयही आहे. नावे नाहीत.