हंगामी चाकरी आणि कुरणशाळा : डहाणू-तलासरी भागातील एक प्रकरण

मुलांना उघड्यावर नेऊन सांभाळणे, त्यांना काही शिकविणे आणि त्यांच्या अन्नाची व्यवस्था करणे ही कामे घराबाहेरच्या माणसांनी वेतन किंवा मानधन घेऊन करावयाची प्रथा अलीकडच्या काळातील आहे. अशा कामांच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. शिक्षणसंस्थांचे इतिहास संस्थापकांच्या चरित्रांत विलीन होतात, आणि मजुरांचे इतिहास संपांच्या व गोळीबारांच्या हकिगतींत. या दोहोंच्या मधल्या पट्टीत गुराखी मुलगा, त्याच्यामागे कुरणात जाणारी शिक्षिका आणि चुलीपाशी बसलेली स्वयंपाकीण उभी असते. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत ही पट्टी विशेष स्पष्ट दिसते. त्याचे कारण तेथील शेतीच्या हंगामात शोधावे लागते.

तुलनेसाठी प्रथम एक दूरचे उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत उन्हाळी शिबिरांची प्रथा सुरू झाली. न्यूयॉर्कच्या दाट वस्तीत राहणाऱ्या स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील मुलांसाठी १९०२ मध्ये ‘सरप्राइज लेक’ हे शिबिर निघाले. त्यानंतर अशा शिबिरांचा पुष्कळ विस्तार झाला. मुलांना रानावनांत हिंडविणारे तरुण नेते आणि भोजनगृहातील मदतनीस यांची तेथे उन्हाळ्यापुरती नेमणूक होते. या व्यवस्थेमागे दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. पहिली, मुलाला सुट्टी आहे. दुसरी, मूल बंद खोलीत राहते, म्हणून त्याला मोकळ्या हवेत न्यावयाचे आहे. डहाणूच्या वारली मुलाच्या बाबतीत ही दोन्ही गृहीते उलटी होतात. ते मूल आधीच उघड्यावर होते, आणि ते तेथे होते ते कामासाठी. येथला हंगाम म्हणजे सुट्टीचा नव्हे, तर राबण्याचा काळ होय.

आजचा तलासरी तालुका पूर्वी या नावाने अस्तित्वात नव्हता. १९६० मध्ये मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातकडे गेला आणि महाराष्ट्रात राहिलेल्या गावांचा तलासरी हा वेगळा विभाग झाला. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा निघाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कागदपत्रे वाचताना हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे; अन्यथा ‘उंबरगावचे वारली’ हे आजच्या गुजरातेतील कोणी वेगळे लोक होते, असा गैरसमज होण्याचा संभव असतो.

या भागातील कामाचे वर्ष ठरावीक टप्प्यांनी जात असे. उन्हाळ्याच्या अखेरीस राब भाजणे, पावसाळा लागताच नांगरणी व भाताची लावणी, दसऱ्याच्या सुमारास गवताची कापणी, आणि हिवाळ्यापासून पुढल्या पावसापर्यंत जंगलातील कुपांत लाकूडतोड. गवताचा व्यापार मोठा होता. मुंबईतील म्हशींच्या तबेल्यांना लागणारे गवत गासड्या बांधून आगगाडीने जाई. या साखळीतील नाजूक दुवा म्हणजे पावसाळा. कोठीतील धान्य त्या काळात संपलेले असे, आणि शेतावर मात्र सर्वाधिक श्रम करावे लागत. तेव्हा सावकाराकडून खावटी घ्यावयाची आणि पीक आल्यावर ती दीडपटीने किंवा त्याहून अधिक प्रमाणात फेडावयाची, हा क्रम होता. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण सावकाराचा ‘लग्नगडी’ होई, आणि बहुधा त्याची बायकोही त्याच दावणीला बांधली जाई. १९३०-४० या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडून करविलेल्या चौकशीत वेठीचे व कर्जगुलामीचे हे चित्र आले आहे. ‘खावटी’ हा शब्द पुढे सरकारनेही उचलला. आदिवासींसाठी शासनाने काढलेल्या कर्जयोजनेला तेच नाव मिळाले, आणि २०२० मध्ये साथीच्या काळात प्रत्येक कुटुंबास ४,००० रुपयांचे जे साहाय्य जाहीर झाले, तेही ‘खावटी अनुदान’ म्हणूनच. सावकारी व्यवहारातील संज्ञा कल्याणकारी व्यवहारात अशी सुखेनैव नांदावी, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

या क्रमात मुलाची जागा कोणती? ती गुरांमागे होती. भातशेतीच्या प्रदेशात गुरे राखण्याचे काम बारमाही सारख्याच निकडीचे नसते. पीक निघाले, खळी उरकली, की गुरे मोकळी सोडली तरी चालते. पण जून ते ऑक्टोबर या काळात शेतात पीक उभे असते, आणि एक बैल बांधावरून आत शिरला तर वर्षाचे नुकसान होते. म्हणून नेमक्या याच महिन्यांत गुरांमागे माणूस हवा असतो. मोठी माणसे लावणीत गुंतलेली असतात. तेव्हा आठ-दहा वर्षांचे मूल हाच गुराखी. आपल्या घरची गुरे असोत की दुसऱ्याची, मोबदला बहुधा पोटापुरताच. शाळेचे वर्षही जूनमध्येच सुरू होते. म्हणजे शाळेचा पट जेव्हा भरावयाचा, तेव्हाच मूल कुरणात जावयाचे. वारली आईबापांना शिक्षणाची आस्था नाही, असे विधान जुन्या अहवालांतून व भाषणांतून वारंवार आढळते. ते करणाऱ्यांनी ही दोन वेळापत्रके शेजारी ठेवून पाहिली असती, तर अनास्थेचे निदान इतक्या सहजपणे केले नसते.

१९४५ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात झरी येथे वारल्यांची मोठी परिषद झाली. महाराष्ट्र किसान सभेच्या गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांनी तीत पुढाकार घेतला होता. वेठ द्यावयाची नाही, लग्नगडी म्हणून राबावयाचे नाही आणि शेतकामाला दिवसाला १२ आणे मजुरी घ्यावयाची, असा तिचा आशय होता. झरीची परिषद पावसाच्या तोंडावर भरली, ही बाब केवळ योगायोगाची मानता येत नाही. लावणीला माणसे मिळाली नाहीत तर जमीनदार अडचणीत येतो, हे मजुरांना पुस्तकावाचून माहीत होते. ऑक्टोबरमध्ये गवताच्या कापणीचा संप झाला. ५०० पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी होती. वाळलेले गवत थांबत नाही. ते आठवड्यांत कापावे लागते, नाहीतर वाया जाते. हंगामी मजुराची दुर्बलता आणि त्याचे बळ ही दोन्ही एकाच ठिकाणाहून, म्हणजे हंगामाच्या आखूडपणातून, येतात हे या संपाने दाखविले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड याच्यासह पाच जण त्यात मृत्युमुखी पडले. तथापि संप मोडला नाही. या लढ्याची हकीगत गोदावरी परुळेकर यांनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात सांगितली आहे.

त्याच वर्षी, त्याच टापूत, बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला होता, आणि माँटेसोरी पद्धती भारतीय परिस्थितीत कशी उतरवावी याचा त्यांना दीर्घ अनुभव होता. बोर्डीत त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका होत्या. कस्तुरबा स्मारक निधीच्या वतीने बोरिवली येथे ग्रामसेविकांचे जे शिबिर भरले, तेथे ताराबाईंची व त्यांची गाठ पडली, आणि काही महिन्यांसाठी म्हणून आलेल्या अनुताई १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत या भागातच राहिल्या. परुळेकर दांपत्याचा मार्ग व ताराबाईंचा मार्ग यांत विचारसरणीचे अंतर फार मोठे होते. त्यांना एकाच चळवळीची दोन अंगे म्हणणे अनैतिहासिक होईल. परंतु दोघांपुढे उभा असलेला अडसर एकच होता. एका बाजूने प्रौढाच्या हंगामी श्रमाची किंमत विचारली गेली. दुसऱ्या बाजूने मुलाच्या हंगामी श्रमाला शिक्षणाची वाट कशी मिळेल, हे शोधले गेले.

बोर्डीत आरंभी नेहमीच्या धर्तीची मध्यवर्ती बालवाडी निघाली. पाड्यांवरची मुले तेथवर येईनात, तेव्हा शिक्षिकाच पाड्यावर जाऊ लागल्या. जे अंगण मिळेल ते झाडावयाचे, मुलांना न्हाऊमाखू घालावयाचे, आणि शिंपले, बिया, पाने, खडे, माती एवढ्याच साहित्यावर वर्ग चालवावयाचा. ‘अंगणवाडी’ या नावाचे मूळ सामान्यतः याच प्रयोगात मानले जाते. पुढे पाचव्या दशकानंतर केंद्राचे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात नांदविणारी ‘विकासवाडी’ तेथे उभी राहिली. यातील पाळणाघराचे महत्त्व बाहेरच्या पाहुण्यांना लवकर कळत नसे. धाकट्या भावंडाला कडेवर घेणारी मुलगी शाळेत यावयाची असेल, तर आधी तिची कड मोकळी करावी लागते, हा त्यामागील साधा हिशेब होता.

गुराखी मुलांचा प्रश्न मात्र विकासवाडीनेही सुटत नव्हता. कारण अंगणात थांबणे हीच त्यांना परवडणारी गोष्ट नव्हती. यातून कुरणशाळेची कल्पना निघाली. मूल शाळेकडे येत नसेल, तर शाळेने गुरांच्या मागे जावे. फळा, पाट्या, गोष्टी, गाणी आणि वर्गाचे साहित्य घेऊन शिक्षक कुरणात जात. गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरे. मोजणीला दगड व बिया, निसर्गपाठाला समोरचे रान. या प्रयोगाचे वर्णन करणारे लेखक त्यातील रम्यतेवर फार भर देतात. खरे पाहता त्याचे वैशिष्ट्य रम्यतेत नसून एका कठोर सवलतीत आहे. मुलाचे काम बंद करावयाचे नाही, ते चालू असतानाच शिकवावयाचे, ही ती सवलत. कुरणशाळेने गुराख्याची चाकरी नाहीशी केली नाही; तिने ती मान्य केली आणि तिच्यातील मोकळे क्षण मागून घेतले. बालमजुरीच्या आजच्या कल्पनांशी हे ताडून पाहणाऱ्यास यात तडजोड दिसेल, आणि ती होतीच. पण ज्या घरात एका मुलाच्या जेवणाचा प्रश्न त्याच्या गुराखीपणाने सुटत होता, त्या घराला चाकरी सोडण्याचा उपदेश करण्यापूर्वी त्या जेवणाची तजवीज सांगणे भाग होते, आणि तेवढी साधनसामग्री केंद्रापाशी नव्हती. कुरणातील शिक्षकाचे कामही नेहमीच्या शिक्षकाचे राहत नसे. गुरे शेतात शिरणार नाहीत याकडे अर्धे लक्ष, मुलांकडे अर्धे. पाऊस आला की वर्ग मोडला. हे कौशल्य प्रशिक्षण विद्यालयाच्या अभ्यासक्रमात बसणारे नव्हते.

शाळेने मजुराच्या मागे जावे, हे सूत्र पुढे याच पट्ट्यात पुन्हा दिसते. गवताचा व्यापार ओसरला, जंगलतोडीवर निर्बंध आले, आणि हिवाळ्यात वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जाणे हा अनेक आदिवासी कुटुंबांचा नवा हंगाम झाला. तेथील मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात ‘भोंगा शाळा’ काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराची झोपडी.

अन्नाच्या बाजूचा इतिहास याहून कमी नोंदला गेला आहे. गुराखी मुलाला मिळणारे जेवण हा त्याच्या श्रमाचा मोबदला होता. आश्रमशाळा आणि अंगणवाडी आल्यावर तेच जेवण त्याचा हक्क झाले. बदल मूलगामी होता. परंतु ते अन्न शिजविणाऱ्यांच्या नेमणुकीला जुन्या हंगामी चाकरीचेच रूप राहिले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. तीतील सेविका व मदतनीस यांना कर्मचारी न मानता मानधनावरील स्वयंसेविका मानण्यात आले. त्यांना उपदान कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. शेजारच्या गुजरातेतील दाहोद जिल्ह्यातून आलेल्या प्रकरणात तो दिला गेला. आश्रमशाळांत स्वयंपाकी व कामाठी ही पदे मंजूर असली, तरी अनेक ठिकाणी ती रोजंदारीवर, शैक्षणिक वर्षापुरती भरली जात आली. २०२५ मध्ये नाशिक येथील आदिवासी विकास भवनासमोर अशा कर्मचाऱ्यांनी बाह्यस्रोतातून होणाऱ्या भरतीविरुद्ध दीर्घकाळ ठाण मांडले. पालघर तालुक्यातील कांबळगाव येथे मध्यवर्ती स्वयंपाकघर उभे राहिल्यावर डहाणू प्रकल्पातील कित्येक आश्रमशाळांच्या चुलीच विझल्या, आणि चुलीबरोबर त्या चुलीवरचे कामही दूर गेले.

प्राथमिक शाळांतील दुपारच्या आहाराची स्थिती याहून बोलकी आहे. स्वयंपाकी-मदतनीस या कामासाठी केंद्र शासनाने २००९ मध्ये महिना १,००० रुपये मानधन ठरविले. महाराष्ट्राने पुढे आपल्या वाट्यातून त्यात भर घातली. हे मानधन वर्षाचे बारा महिने नव्हे, तर १० महिने धरलेले आहे. उन्हाळी सुट्टीत शाळेची चूल बंद, म्हणून मानधनही बंद. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर हे दिवस राब भाजण्याचे आणि बी-बियाणे जुळविण्याचे असतात. घरातील धान्य तळाला गेलेले असते, आणि पूर्वी याच सुमारास खावटीसाठी सावकाराच्या दारी जावे लागे.