बाळाचा खेळ आणि आईची हजेरी

इतिहास म्हटला की आपण राजांच्या स्वाऱ्या, तह आणि सनावळ्या घेऊन बसतो. मी कामगार संघटनेतला माणूस. शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन झाले ते संघटनेच्या कचेरीत आणि एस. टी. च्या प्रवासात. त्यामुळे माझ्या इतिहासात हजेरीपट जरा जास्तच येतो, हे श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे. आज मला पहिल्या वर्षातल्या बाळाशी खेळल्या जाणाऱ्या खेळांविषयी बोलावयाचे आहे. हा विषय बायकांचा, असे कोणी म्हणेल. पण बाळाशी खेळावयाला वेळ लागतो, आणि वेळ कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न आमच्या चळवळीचा पहिल्यापासूनचा आहे.

हे खेळ कोणी लिहून ठेवले नाहीत, तरी त्यांची शिस्त पाहण्याजोगी आहे. दोन महिन्यांचे बाळ हुंकार देऊ लागले की आजी त्याला हुंकारानेच उत्तर देते. बोलण्याची पाळी कशी घ्यावी व द्यावी, याचा तो पहिला धडा. मग पाळण्यावर चिमणाळे टांगले जाते व नजर त्याच्यामागे फिरू लागते. मूठ वळू लागली की हाती खुळखुळा येतो. बसते झाले की तळहातावर बोट टेकवून मोराला बोलवावयाचे आणि ते बोट हळूहळू काखेपर्यंत नेऊन गुदगुल्या करावयाच्या. पुढे टाळ्या, चिऊकाऊ, चांदोमामा. आणि वर्षाच्या अखेरीस भिंतीला धरून उभे राहणाऱ्यासाठी लाकडी पांगुळगाडा. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी लाखेच्या रंगांत केलेली लाकडी खेळणी महाराष्ट्रभर गेली. बाकीच्या घरांत गावचा सुतारच पांगुळगाडा ठोकून देई.

पदराआड तोंड लपवून ‘कुकूऽक’ करण्याचा खेळ तर सर्वांत मोलाचा. सहा महिन्यांच्या बाळापुढची वस्तू फडक्याखाली झाकली तर ते शोधीत नाही. त्याच्या लेखी ती संपली. आठव्या महिन्याच्या सुमारास ते फडके ओढू लागते, असे स्विस शास्त्रज्ञ पियाजे यांनी स्वतःच्याच मुलांवर पाहून नोंदविले. दिसेनासे झालेले माणूस परत येते, हा भरवसा बाळाला या खेळातून मिळतो. आणि ज्याची आई पहाटे कामावर जाते, त्याला या भरवशाची गरज इतरांहून जास्त, हे उघड आहे.

आता गिरणगावात जाऊ. १९२० नंतरच्या काळात मुंबईच्या गिरण्यांत हजारो बाया तात चालवीत, सूत गुंडाळीत. त्यांच्या बाळांचे काय होई? बाळांना अफूची गोळी देत. तिला ‘बाळगोळी’ असे गोड नाव होते. त्या दशकाच्या आरंभी सरकारने नेमलेल्या डॉक्टरीणबाईंनी चाळींतून पाहणी केली, तेव्हा कामगार बायांच्या बहुतेक सर्व तान्ह्यांना अफू दिली जाते असे आढळले. आईला दोष देणे सोपे होते, आणि पुष्कळांनी तो दिलाही. पण दहा तास पाळीवर उभी असलेली बाई दुसरे काय करणार होती? जे बाळ जागे राहून खेळावयाचे, ते पाळी सुटेपर्यंत गुंगीत पडून राही.

बाळंतपणाच्या रजेचा कायदा व्हावा म्हणून ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले. ते फेटाळले गेले. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी अशाच विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारने उचलणे योग्य, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबईचा कायदा झाला. तो कारखान्यापुरता, आणि काही आठवड्यांच्या भत्त्यापुरता. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. तो कायदा येथवर पोहोचण्याचे कारणच नव्हते.

१९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक बाया असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली हा आकडा तीसवर आणला. आकड्याच्या अलीकडे एकाने हजेरीपट कसा थांबतो, हे संघटनेत काम केलेल्यास सांगावे लागत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने बाया मोजणे सोडले व स्त्रीपुरुष मिळून पन्नास नोकर असे माप धरले. २०२० च्या संहितेतही तेच आले. हे बरे झाले. पण आम्हां संघटनावाल्यांच्या मागणीपत्रांतसुद्धा खोली, दूध आणि दाई एवढेच येत असे. दाईने बाळाशी खेळावे, हे कलम मी कोणत्याही मागणीपत्रात वाचलेले नाही.

ते कलम किती महाग पडते? जमैका बेटावर १९८६-८७ साली नऊ ते चोवीस महिन्यांची खुरटलेली १२९ मुले निवडली. त्यांतल्या काहींच्या घरी आठवड्यातून एक तास आरोग्यसेविका जाई आणि टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन आईला बाळाशी खेळावयास शिकवी. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनंतर त्या मुलांची कमाई, ज्यांच्या घरी कोणी गेले नव्हते अशांच्या मानाने शेकडा पंचवीस जास्त भरली. आमच्या वेतनकरारांत एवढी वाढ एका दमात क्वचितच मिळते!

आपले येलदरीचे धरण १९६८ साली पुरे झाले. ५१ मीटर उंच आणि चार किलोमीटरांहून लांब मातीची भिंत. त्या काळच्या मातीकामावर बाया पाट्या वाहात, आणि बाळ झाडाच्या झोळीत असे. बांधकामावरच्या बाळांसाठी नीट काम उभे राहिले ते १९६९ साली, दिल्लीच्या राजघाटावर. मीरा महादेवन यांनी तेथे तंबूत पाळणाघर मांडले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था झाली आणि ती मुंबई-पुण्यातही आली. त्याआधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला व १९५७ पासून कोसबाडला काम केले. धाकट्याला कडेवर घेतलेली बहीण शाळेत बसू शकत नाही, हे त्यांनी ओळखले आणि पाळणाघर, बालवाडी व शाळा एकाच आवारात आणली.

संक्रांतीला बाळाचे बोरन्हाण होते. हलव्याचे दागिने घालून त्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे आणि उसाचे करवे ओततात, भोवतीची पोरे ते वेचतात. तो ऊस ज्यांनी तोडला, ती मराठवाड्यातली जोडपी त्या दिवशी फडात असतात. मुकादमाची उचल दिवाळीआधीच घेतलेली. नवराबायको मिळून एक कोयता. बाई घरी राहिली तर कोयता अर्धा. त्यांचा मालक कोण, कारखाना की मुकादम, याचा वाद अजून चालू आहे, आणि मालक ठरला नाही तर पन्नास मोजावयाचे कोणाच्या हजेरीपटावर? तोवर पाचटाच्या सावलीत बाळाशी ‘कुकूऽक’ खेळते ती त्याची आठ वर्षांची बहीण. गावच्या शाळेत तिचे नाव आहे. दिवाळीनंतर त्याच्यापुढे गैरहजेरी लागते.