सकोटॅश: शब्द ताटात राहिला, माणसं कागदावरून पुसली गेली

मंडळी, आज एका साध्या भाजीची गोष्ट. मक्याचे कोवळे दाणे, मऊ शिजलेले लायमा बीन, लोणी, मीठ, मिरपूड. झालं! अमेरिकेत याला 'सकोटॅश' म्हणतात. मुख्य जेवणाच्या बाजूला वाढायचा पदार्थ. थँक्सगिव्हिंगच्या सणालाही अनेक घरांत होतो. पण हा शब्द ज्या माणसांचा आहे, त्यांना एका सरकारने कायदा करून 'जमात म्हणून तुम्ही आता नाही' असं सांगितलं होतं. लांबलचक पोस्ट आहे, पण वाचा.

आधी शब्द बघू. सकोटॅश ऐकायला इंग्रजी वाटतो, पण तो इंग्रजी नाही. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, आजच्या ऱ्होड आयलंड राज्यात नॅरागान्सेट नावाचे मूळ रहिवासी राहतात. त्यांच्या भाषेत 'म्सिक्वाटाश' म्हणजे उकडलेले मक्याचे अख्खे दाणे. हा शब्द लिहून ठेवला रॉजर विल्यम्स नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने. त्याची मतं पटली नाहीत म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने त्याला हद्दपार केलं. तेव्हा त्याला आसरा कोणी दिला? नॅरागान्सेटांनी. कॅनॉनिकस आणि मिआंतोनोमी या त्यांच्या प्रमुखांनी दिलेल्या जमिनीवर त्याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स हे गाव वसवलं. तो त्यांची भाषा शिकला आणि १६४३ मध्ये त्या भाषेवर त्याचं पुस्तक लंडनला छापलं गेलं. मक्याच्या या पदार्थाचं नाव त्यातच आहे.

आता शेती. हे लोक मातीचा छोटा उंचवटा करून त्यावर मका लावायचे. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढायचा आणि खाली भोपळ्याची पानं पसरायची. घेवडा जमिनीत नत्र धरून ठेवतो, भोपळ्याच्या पानांमुळे तण दबतं आणि ओल टिकते. तिथले मूळ रहिवासी या तिघींना 'तीन बहिणी' म्हणतात. शेतात जे शेजारी, तेच भांड्यातही एकत्र. मक्याच्या प्रथिनात जे कमी असतं ते शेंगांच्या दाण्यात भरपूर असतं. आपला वरण-भात ज्या हिशेबावर चालतो, तोच हा हिशेब.

गंमत म्हणजे मूळ पदार्थात लायमा बीन नव्हतेच, तिथला स्थानिक घेवडा होता. लायमा दक्षिण अमेरिकेतला. पेरूच्या लिमा शहरावरून नाव पडलं आणि इंग्रजीत त्याचा उच्चार 'लायमा' झाला. या भाजीत तो नंतर आला आणि मुरला. आपल्याकडे उसळीसाठी 'डबल बी' मिळते ना, ती याच जातकुळीची. मका काय, राजमा काय, डबल बी काय, सगळं मूळचं अमेरिकेतलं. कोलंबसानंतरच्या समुद्री व्यापारातून जगभर पसरलं आणि आपल्या स्वयंपाकघरात पोचलं. त्यामुळे सकोटॅशचं सामान आपल्या बाजारातही मिळतं.

घरी करायचं तर असं करा. वाटीभर डबल बी रात्रभर भिजवा. सकाळी ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात दाणा बोटाने सहज चेपेल इतका मऊ शिजवा. यात कंटाळा नको. हा दाणा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खायचा नसतो, त्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. पुरेसं पाणी घालून नीट उकळलं की चिंता नाही. शिजवलेलं पाणीही ओतून द्या. मग दोन कोवळ्या कणसांचे दाणे सुरीने काढा आणि सुरीच्या पाठीने कणीस खरवडून आतलं दूधही घ्या. दाटपणा त्यानेच येतो. लोण्यावर थोडा कांदा परता, मका घालून पाच-सात मिनिटं शिजू द्या, मग डबल बी, मीठ, मिरपूड आणि हवं तर थोडं दूध. फोडणी नको, मसाला नको. मक्याचा गोडवा हीच याची चव.

पदार्थ झाला. आता त्याच्या माणसांकडे येऊ.

१६७५ मध्ये शेजारच्या वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मेटाकॉम आणि इंग्रज वसाहती यांच्यात युद्ध पेटलं. नॅरागान्सेट अधिकृतपणे तटस्थ होते. पण त्यांनी वाम्पानोआग निर्वासितांना आसरा दिला, हा त्यांच्यावरचा ठपका. १९ डिसेंबर १६७५ रोजी, ऐन थंडीत, वसाहतींच्या फौजेने दलदलीतल्या त्यांच्या कोटावर हल्ला करून तो पेटवून दिला. शेकडो माणसं मेली. त्यात बायका, मुलं, म्हातारे होते. हिवाळ्यासाठी साठवलेलं धान्यही जळालं. पुढच्या वर्षी सूड म्हणून प्रॉव्हिडन्स जाळलं गेलं आणि त्यात विल्यम्सचं घरही गेलं. युद्ध संपलं तेव्हा वाचलेल्यांपैकी अनेकांना गुलाम म्हणून विकलं गेलं.

आणि आता हे बघा. १७६९ च्या डिसेंबरात प्लिमथ गावातल्या वसाहतवाल्यांच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या आगमनाचा दिवस साजरा केला. जेवणात काय होतं? हरणाचं मांस, मासे, कालवं, आणि सकोटॅश! ज्यांचा मुलूख घेतला, त्यांचाच पदार्थ शंभर वर्षांच्या आत 'आमच्या पूर्वजांचा वारसा' म्हणून पानात आला.

पुढचा घाव तलवारीचा नाही, कागदाचा आहे. १८८० मध्ये ऱ्होड आयलंडच्या विधिमंडळाने कायदा करून नॅरागान्सेट जमात मोडीत काढली. उरलेली सामाईक जमीन राज्याने ५,००० डॉलरला घेतली. हक्कदार ठरले ३२४ जण. प्रत्येकाच्या वाट्याला १५ डॉलर ४३ सेंट. माणसं तिथेच होती, चर्च होतं, सभा भरत होत्या. फक्त सरकारदरबारी ती जमात उरली नव्हती.

त्यांनी हार मानली नाही. १९७५ मध्ये जमिनीसाठी कोर्टात गेले आणि १९७८ च्या तडजोडीत सुमारे १,८०० एकर परत मिळाली. १९८३ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्यांना जमात म्हणून मान्यता दिली. मग जमातीने घरं बांधायला ३१ एकर जागा विकत घेतली. ती केंद्राने जमातीसाठी विश्वस्त म्हणून ताब्यात घ्यावी, अशी मागणी होती. राज्य विरोधात गेलं. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की १९३४ च्या ज्या कायद्याखाली हे करायचं, तो कायदा झाला त्या वेळी ही जमात केंद्राच्या अखत्यारीत नव्हती. सबब अधिकार नाही.

जरा विचार करा. १८८० ला राज्य म्हणतं, तुम्ही जमात नाही. आणि २००९ ला कोर्ट म्हणतं, १९३४ साली तुम्ही केंद्राच्या वहीत होतात का? ज्यांना वहीतून खोडलं, त्यांच्याकडेच वहीतल्या नोंदीचा पुरावा मागायचा!

आपल्याकडे 'खाल्ल्या मिठाला जागणं' म्हणतात. नुसतं चवीचं कौतुक करणं म्हणजे जागणं नव्हे. पावसाळ्यात आपल्याकडेही रानभाज्यांचे महोत्सव भरतात आणि आपण कौतुकाने जातो. जरूर जावं. पण ती भाजी ओळखणाऱ्या, खुडून आणणाऱ्या बाईच्या वनहक्काच्या दाव्याचं काय झालं, हेही तिथे विचारावं.

सकोटॅश करून बघा, छान लागतं. आणि घरात कोणी विचारलं, हे कसलं नाव, तर सांगा: नॅरागान्सेटांचं. ते लोक आजही आहेत.