हुंडी ते ओटीपी : वाटेवरच्या जोखमीचा इतिहास

प्रवासाचा इतिहास लिहिताना रस्ते, वाहने, धर्मशाळा आणि देवस्थाने यांचा विचार होतो. प्रवाशाच्या कनवटीला असलेल्या पैशाचा फारसा होत नाही. वास्तविक घर सोडणाऱ्या माणसाला दोनच भये असत : एक जिवाचे आणि दुसरे पैशाचे. पहिले भय रेल्वेने, पक्क्या सडकांनी आणि औषधांनी बरेच कमी केले. दुसरे मात्र नाहीसे झाले नाही, त्याने फक्त रूप पालटले. या रूपांतराचा मागोवा घ्यावा असे आम्हांस वाटले, त्याला कारण आमच्याच विभागात घडलेला एक प्रसंग आहे. तो ओघाने सांगूच. आधी थोडे मागे जाऊ.

विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरचे कर्ज फेडावे म्हणून, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात मोठी दक्षिणा मिळेल या आशेने, ते १८५७ साली उत्तरेकडे पायी निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीच्या लुटीत त्यांची मिळकत गेली. घरी परतताना त्यांच्यापाशी गंगेची कावड तेवढी होती. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेला 'माझा प्रवास' आपण बंडाचा वृत्तान्त म्हणून वाचतो. पण तो एका कर्जबाजारी माणसाच्या बुडालेल्या पैशाचाही वृत्तान्त आहे, हे विसरू नये. नाणे अंगावर बाळगायचे तर नाण्याची जोखीमही अंगावरच घ्यावी लागे. चोराने पैसा नेला की विषय संपला; दाद मागायला जागा नव्हती.

ही जोखीम अंगावरून कागदावर नेणारी युक्ती आपल्याकडे फार आधीपासून होती. ती म्हणजे हुंडी. पुण्याच्या किंवा मुंबईच्या सावकाराकडे रोकड भरावी, त्याच्याकडून चिठ्ठी घ्यावी आणि काशीला अगर द्वारकेला त्याच्या आडत्याकडे ती दाखवून रक्कम उचलावी. हुंडीची भाषा पाहिली तर ती लिहिणाऱ्यांनी लबाडीचा किती बारकाईने विचार केला होता ते कळते. रक्कम आकड्यात लिहीत, अक्षरात लिहीत, शिवाय तिचे निमे किती आणि त्याचे दुप्पट किती हेही नमूद करीत, म्हणजे शंभराचे हजार करणाऱ्याला तीन ठिकाणी खाडाखोड करावी लागावी. हुंडी गहाळ झाली तर 'पेठ' म्हणजे दुसरी प्रत मिळे. तीही हरवली तर 'परपेठ'. 'दर्शनी' हुंडीची रक्कम दाखवताच मिळे, 'मुदती'ची ठरल्या दिवसांनी. 'धनीजोग' हुंडी ज्याच्या नावाची त्यालाच, तर 'शाहजोग' हुंडी फक्त 'शाहा'स, म्हणजे पेठेतील प्रतिष्ठित व्यापाऱ्यास, चुकती होई.

या शेवटच्या प्रकारापाशी क्षणभर थांबले पाहिजे. परगावचा अनोळखी माणूस शाहजोग हुंडी घेऊन आला तर त्याला थेट पैसे मिळत नसत. त्याने पेठेतला एक शाहा गाठावयाचा आणि शाहाने ती आपल्या पतीवर वसूल करून द्यावयाची. पुढे हुंडी खोटी वा चोरीची निघाली तर रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शाहावर येई. म्हणजे जो अनोळखी माणसाला बाजारात आणतो तोच त्याच्याबद्दल उत्तरदायी, हे तत्त्व या व्यवहारात मुरलेले होते. ते लेखी कायद्यापेक्षा पेठेच्या रिवाजातून आले होते आणि पुढे इंग्रजी न्यायालयांनीही हा रिवाज मानला.

हुंडीचे नाव निघाले की गिरगावातल्या कीर्तनांत वाढलेल्या पिढीला नरसी मेहत्याची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. महिपतीने 'भक्तविजया'त तिला स्थान दिल्यामुळे ती मराठीचीच होऊन गेली. द्वारकेला निघालेले यात्रेकरू वाटेवरच्या चोरांच्या भयाने सातशे रुपयांची हुंडी करू पाहतात. गावातले टवाळ त्यांना निर्धन नरसीच्या दारी पाठवतात : हाच इथला मोठा सावकार. नरसी त्यांचे पैसे घेऊन 'शामळशा' शेठाच्या नावाने हुंडी लिहितो आणि रक्कम साधुसंतांवर खर्च करून टाकतो. द्वारकेच्या बाजारात त्या नावाचा कोणी शेठ नसतो. यात्रेकरू हवालदिल होतात आणि अखेर देवच सावकाराच्या वेषात येऊन हुंडी सकारतो.

भक्तीचा भाग बाजूला ठेवून केवळ व्यवहार म्हणून ही कथा वाचली तर काय दिसते? यात्रेकरूंची फसवणूक नरसीने केलेली नाही. ती पत्ता सांगणाऱ्या टवाळांनी केली आहे. अनोळखी गावात, निघण्याच्या घाईत, खात्रीशीर वाटणाऱ्या माणसाने बोट दाखवले तिकडे ते गेले. आणि आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की कीर्तनकार त्या यात्रेकरूंना कधी हसत नाही. 'तुम्ही चौकशी का केली नाही?' असे त्यांना कोणी विचारीत नाही. प्रश्न एकच राहतो : आता यांची हुंडी कोण सकारणार?

एकोणिसाव्या शतकात प्रवास हाच धंदा झाला. थॉमस कुक कंपनीने १८८१ साली मुंबईत कचेरी उघडली. साहेबाचा प्रवासी कंपनीच्या 'सर्क्युलर नोट'वर परमुलखात पैसे उचलू लागला. १८९१ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसने प्रवासी धनादेश काढला. त्याची युक्ती साधी होती : घेताना एक सही, वटवताना दुसरी, दोन्ही जुळल्या तर पैसे. चेक चोरीला गेला तर कंपनी भरपाई देई. शाहाची जागा आता सहीने घेतली. ओळख देणारा माणूस गेला आणि ओळख देणारे अक्षर आले.

गिरणगावाच्या वाट्याला प्रवासी धनादेश आले नाहीत. त्यांच्या वाट्याला मनिऑर्डर आली. ही सोय टपाल खात्याने १८८० साली सुरू केली. लालबाग-परळच्या खोल्यांतून रत्नागिरी-साताऱ्याकडे जाणारा पैसा तिच्यावाटे गेला. पोस्टमन नावाच्याच माणसाच्या हाती रक्कम देई, सही किंवा साक्षीदारासमोर अंगठा घेई आणि पोचपावती उलट मुंबईला येई. ती पावती कामगाराच्या ट्रंकेत जपून ठेवलेली असे. शिमगा-गणपतीला गावी जाण्याचा खर्च भिशीतून निघे, आणि भिशीचा हिशेब ठेवणारा गाववालाच असे. तो बुडवील तर त्याला त्याच गावात जावयाचे होते. गिरगाव-दादरच्या पांढरपेशांसाठी शामराव विठ्ठल (१९०६), सारस्वत (१९१८) यांसारख्या सहकारी बँका उभ्या राहिल्या, त्यांचाही पाया ओळख हाच होता. खिडकीमागचा कारकून पासबुकाआधी चेहरा पाही. १९८४ साली केसरी टूर्स सुरू झाली, तिच्या आगेमागे मराठी माणसांच्या प्रवास कंपन्या निघाल्या आणि मध्यमवर्गाला घडवलेली सहल परवडू लागली. तेव्हाही ॲडव्हान्स भरायला माणसे दादर-माहीमच्या कचेऱ्यांत स्वतः जात, छापील पावती घेत आणि ती देव्हाऱ्याच्या खणात ठेवीत.

कार्ड या सर्वांच्या मागून आले. न्यूयॉर्कमध्ये १९५० साली निघालेले डायनर्स क्लबचे कार्ड १९६१ मध्ये मुंबईत पोचले. सेंट्रल बँकेने १९८० मध्ये आपले कार्ड काढले. सुरुवातीस तेही प्रवासी धनादेशाचेच भावंड होते. मागे सही, दुकानात दुसरी सही, यंत्रावर कार्बनचा ठसा. खरा पालट झाला तो घरबसल्या खरेदी सुरू झाल्यावर. रेल्वेची तिकिटे २००२ पासून संगणकावरून मिळू लागली. आता समोर ना दुकानदार, ना सही, ना कार्ड. केवळ सोळा आकडे. ते ज्याला ठाऊक तो धनी. पेठेच्या भाषेत सांगावयाचे तर कार्डाची धनीजोग हुंडी एका रात्रीत 'देखणहार' झाली, म्हणजे दाखवील त्याला पैसे.

मग शतकापूर्वीच्या युक्त्या नव्या रूपाने परत आणाव्या लागल्या. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने देशातील ऑनलाइन कार्डव्यवहारांना दुसरी खूण सक्तीची केली. तिचेच आजचे परिचित रूप म्हणजे ओटीपी. चुंबकीय पट्टीच्या कार्डांची नक्कल सहज होई, म्हणून २०१८ च्या अखेरीपर्यंत ती बदलून चिपची कार्डे देण्याचा आदेश निघाला. मुदत संपण्यापूर्वीच, ऑगस्ट २०१८ मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर दरोडा पडला. चोरट्यांनी कार्डव्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेचीच तोतया उभी केली, नकली कार्डांनी अनेक देशांतील एटीएममधून पैसे उपसले आणि दोन दिवसांच्या कारवाईत सुमारे ९४ कोटी रुपये नेले. तो तोटा खातेदारांच्या खात्यांवर न पडता बँकेवर पडला, ही त्यातली ध्यानात ठेवण्याजोगी बाब. यंत्रणा फसली तर यंत्रणेने सोसावे, हे तेथे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. मात्र माणूस फसला तर काय?

येथे आमचा प्रसंग सांगावयास हवा. आमच्या एका सहकाऱ्याचे वडील लालबागचे, गिरणीतून निवृत्त झालेले. आईवडिलांना मे महिन्याच्या सुटीत केदारनाथला न्यावे, गुडघ्यांमुळे चालणे होणार नाही म्हणून हेलिकॉप्टरची तिकिटे काढावीत असे सहकाऱ्याने ठरवले. संगणकाने प्रथम दाखवलेले संकेतस्थळ त्यांनी उघडले. देवळाचे चित्र, सरकारी थाटाचे बोधचिन्ह, सर्व काही यथास्थित. कार्डाचा क्रमांक भरला, ओटीपी भरला, पैसे गेले. तिकिटे आली नाहीत. त्याच रात्री परदेशातल्या कुठल्याशा दुकानात त्याच कार्डावर आणखी दोन खरेद्या झाल्या, आणि त्यांना ओटीपी लागलाच नाही. पूर्वी एका परिषदेसाठी बाहेर जाताना कार्डाची परदेशी व्यवहारांची सोय त्यांनी सुरू केली होती, ती बंद करावयाची राहिली होती.

पुढचे महत्त्वाचे. सहकाऱ्याने हे कोणालाच सांगितले नाही. घरी नाही, आम्हांस नाही, बँकेसही नाही. शिकलेला माणूस, वर्गात मुलांना सावध करणारा. त्याने कोणत्या तोंडाने सांगावे? वडील रोज विचारीत, तिकिटे आली का? ते म्हणत, येतील. अखेर वडिलांनीच त्यांना हाताला धरून बँकेत नेले, तेव्हा कामकाजाचे चार दिवस उलटले होते.

६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने या बाबतीत नियम घालून दिले होते. ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिऱ्हाइताने पैसे काढले आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याच्यावर कोणताही भार नाही. चार ते सात दिवसांत कळवले, तर ठराविक मर्यादेपर्यंत भार त्याचा. सर्वसाधारण बचत खात्याला आणि पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला ही मर्यादा दहा हजार रुपये. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर, आणि कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करण्याचेही बंधन. परंतु ग्राहकाने स्वतःच गुप्त खूण दिली असेल, तर कळवीपर्यंतचा सारा तोटा त्याचा.

त्यानुसार परदेशी खरेद्यांची रक्कम दहा हजार वजा करून परत आली. हे दहा हजार म्हणजे लाजेची किंमत. तिकिटांचे पैसे मात्र गेले ते गेले, कारण ओटीपी त्यांनीच भरला होता. बँकेचे म्हणणे नियमाला धरून होते, ते आम्ही नाकारीत नाही. तरी एक शंका राहते. ज्या साखळीने त्या तोतया दुकानाला बाजारात आणले, त्याला कार्डाचे पैसे स्वीकारण्याची सोय दिली, त्या साखळीत शाहा कोण होता? जुन्या पेठेत त्याला शोधून पैसे परत मागितले असते. नव्या पेठेत खूण देणाऱ्यालाच शाहा समजून त्याच्याकडून वसुली होते.

हा एकट्याचा अनुभव नव्हे. केदारनाथची हेलिकॉप्टर तिकिटे, चारधामच्या यात्रेकरूंची निवासस्थाने आणि सोमनाथची अतिथिगृहे यांच्या नावांनी बनावट संकेतस्थळे चालतात, असा इशारा केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर विभागाला एप्रिल २०२५ मध्ये द्यावा लागला. नरसीच्या गावातले टवाळ आता संगणकाच्या पहिल्या ओळीत बसले आहेत, एवढाच फरक. अशा वेळी १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे असे सरकार सांगते. कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो, आणि त्याला वाटेतच अडवता आले तर आले.

पण माणूस तत्काळ कळवीत नाही, कारण कळवणे म्हणजे कबुली देणे असे त्याला वाटते. झाशीत लुटल्या गेलेल्या विष्णुभटांना आपली हकीकत लिहिताना लाज वाटली नाही. चोरी ही चोराची नामुष्की असे ते मानीत. आपल्या काळात ती लुटल्या गेलेल्याची झाली आहे. 'इतका कसा भोळा?' हा प्रश्न चाळीत, स्टाफरूममध्ये आणि बँकेच्या टेबलावर सारख्याच स्वरात विचारला जातो, आणि त्या प्रश्नाच्या धाकाने नियमाचे तीन दिवस निघून जातात. आम्हीही तो प्रश्न यापूर्वी इतरांना विचारलेला आहे, हे येथे मान्य केले पाहिजे. सहकारी चार दिवस आमच्याच शेजारच्या खुर्चीवर बसून होते. त्यांना आमच्यापाशी बोलावेसे वाटले नाही, यात त्यांच्याइतकाच आमचाही दोष आहे.

त्यांचे आईवडील पुढच्या हंगामात केदारनाथला जाऊन आले. पुढचे पैसे वडिलांनी आपल्या बचतीतून दिले आणि पावती स्वतःच्या हातात मिळेपर्यंत कचेरीच्या बाकावर बसून राहिले. ती पावती गिरणीच्या जुन्या कागदांबरोबर त्यांच्या ट्रंकेत आहे.